वजरीनं घासलेला अंगठा

२१ नोव्हेंबर, रात्री

आज दुपारचा डबा तसाच परत आला.

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. मनमाड पडलं रेल्वेचं गाव, त्यामुळे शटर उघडायच्या आधीच पेन्शनरांची रांग लागते. वेळेत दाखला नोंदवला नाही तर पुढची पेन्शन अडकते. परवा त्या रांगेत एक आजी होत्या. त्यांचे मालक गँगमन होते, ते गेल्यापासून आजींना फॅमिली पेन्शन मिळते. मशीनवर अंगठा ठेवला, ठसा उठेना. पाचसहा वेळा तेच. मागचे लोक कुरकुरायला लागले आणि मी वैतागून म्हणाले, "आजी, हात स्वच्छ धुऊन या, मगच रांगेत उभ्या राहा."

आज त्या आल्या. काचेखालून हात आत सरकवला. "ताई, आज उठंल बघा. दोन दिस वजरीनं घासलाय."

पेर लालबुंद झालं होतं. एका बाजूची साल निघून आतलं ओलं दिसत होतं. जन्मभर खुरपून, कांद्याची पात कापून रेषा झिजलेल्या. उरल्यासुरल्या त्यांनी माझ्या एका वाक्यापायी खरवडून काढल्या. आणि वर मलाच म्हणाल्या, "परवा तुमाला लई तरास झाला."

कष्टाच्या हातांचे ठसे पुसट होतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. २०१४ साली 'जीवन प्रमाण', म्हणजे ठसा घेऊन डिजिटल दाखला काढायची सोय, सुरू झालं तेव्हापासून बघते आहे. २०२१ पासून तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. तेही जमलं नाही तर कागदी फॉर्म आहेच. परवा आजी माझ्यासमोर उभ्या होत्या आणि त्या हयात आहेत का, हे मी मशीनला विचारत बसले होते. गर्दी होती, असं दिवसभर मनाला सांगून पाहिलं. पटलं नाही.

काउंटर सोडून बाहेर गेले, बाकावर त्यांच्या शेजारी बसले. मोबाईल समोर धरून डोळ्यांची उघडझाप करा म्हटलं, तर देवापुढे मिटावेत तसे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग मी करून दाखवली, माझं बघून त्यांनी केली. दोन मिनिटांत झालं.

"आजी, चुकलं माझं."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. अंगठा तेवढा वर उचलून धरला होता, दुखत असणार. "जेवली का गं?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी या महिन्यात ठशापायी परत पाठवलेले सगळे आठवून काढले. सहा जण निघाले. चौघांना फोन लागला, उद्या या म्हटलं. दोघांचे नंबर बंद आहेत. त्यातले एक बाबा काठी टेकत आले होते. सकाळी त्यांच्या गावच्या पोस्टमनला गाठते.