धुरकट नरिमन पॉइंट रंगवताना

जानेवारीत सकाळी गिरगाव चौपाटीवरून नरिमन पॉइंटकडे बघितलं की एअर इंडियाच्या जुन्या इमारतीचा माथा दिसतो, पाया दिसत नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार थर बसतो आणि गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ खालीच कोंडते. त्यामुळे धुरकं पाण्याजवळ दाट आणि वर विरळ असतं. चित्रात मी हेच आधी पकडते. इमारत वरून खाली रंगवत यायची आणि निम्म्यावर आलं की नुसत्या पाण्याच्या ब्रशने तिला विरू द्यायचं.

दूरचं निळं करा, असं जलरंगात सगळेच शिकवतात. सह्याद्रीसाठी ते अगदी खरं. पाऊस सरल्यावर स्वच्छ हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून मागच्या डोंगररांगा निळ्या. मुंबईच्या हवेतले धुळीचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. इथलं अंतर करडं असतं, सकाळच्या उन्हात पिवळसर. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा करायचा आणि आकाशाला लावलेला यलो ऑकर (मातकट पिवळा) त्यात किंचित मिसळायचा. माझ्या मते चित्राची सगळी खोली या किंचितशा ऑकरमध्ये आहे.

मरीन ड्राइव्हच्या वळणावरच्या १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती बघा. जवळच्या चांगल्या उजळ क्रीम रंगाच्या, पण लांबच्या मळकट होत जातात. याउलट त्यांच्या गडद खिडक्या लांब गेल्या की फिकटतात. उजळ आणि गडद दोन्ही धुरक्याच्या रंगाकडे सरकतात, आणि शेवटी खिडकी नि भिंत एकच होते. तिथे खिडक्या काढायच्याच नाहीत, कितीही मोह झाला तरी! वरून पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवून धुरकं आणलेली चित्रं मला पटत नाहीत. ती खडूसारखी दिसतात, त्यातला उजेड जातो.

खरा गडद टोन फक्त पुढच्या टेट्रापॉड्सना (लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांना) आणि एखाद्या नारळाला.

फोटोवरून मात्र हे चित्र करू नका. बरेचसे फोन आपणहून कॉन्ट्रास्ट वाढवतात आणि नेमकं धुरकंच पुसतात. तिथे उभं राहून पेन्सिलने चार टोनचं छोटं स्केच करा, रंग घरी भरले तरी चालतील.