तिमोरचं झाड आणि किसलेलं जायफळ

आमच्या घरी चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. उपासाला, तापातून उठल्यावर, नाहीतर रात्री जागायचं असलं की. आई ती निव्वळ दुधात करते आणि वरून जायफळ किसते. जागं राहायला कॉफी आणि झोप लागावी म्हणून जायफळ, दोन्ही एकाच कपात! यातलं तर्कशास्त्र मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

परवा चिकमगळूरहून येताना एका मळ्यातून कॉफीची पिशवी आणली. तिच्यावर ‘चंद्रगिरी’ असं छापलेलं. मला वाटलं, डोंगराचं नाव असेल. निघाली कॉफीची जात, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राची, २००७ साली शेतकऱ्यांना दिलेली. तिची कुळकथा शोधत गेलो तो थेट तिमोर बेटावर पोहोचलो.

तिमोरचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे आजचा तिमोर-लेस्ते हा देश. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचा, लहानसा. मधोमध डोंगरांचा कणा, त्यात रामेलाऊचं शिखर जवळजवळ ३,००० मीटरचं. किनाऱ्यावर उकाडा, पण एर्मेरा, माउबिसी या बाजूला चढलं की धुकं आणि गारवा. अरेबिका या कॉफीच्या जातीला हेच लागतं. पावसाळा साधारण डिसेंबरपासून, मग मोठी उघडीप, आणि फळं तोडायची ती त्या कोरड्या महिन्यांत. वर उंच झाडांची सावली, खाली वर्षानुवर्षं न छाटलेली, माणसाच्या हाताबाहेर गेलेली कॉफी. फांदी वाकवून फळ काढायचं. खतं-औषधं विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून माल आपोआप सेंद्रिय! गरिबीला असं भारदस्त लेबल मिळालेलं पाहून जरा अवघडल्यासारखं होतं.

कॉफी तिथं नेली पोर्तुगिजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि गंमत म्हणजे तेव्हा तिथल्या राजधानीतला, म्हणजे दिली शहरातला, गव्हर्नर गोव्याच्या हाताखाली होता. १८४४पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीतच चाले.

आता खरी गोष्ट. कॉफीचा वैरी म्हणजे तांबेरा. पानाखाली नारिंगी भुकटी धरते, पानं गळतात, झाड उघडं पडतं. सिलोनमध्ये १८६९ साली तो दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या कॉफीचं पार वाटोळं झालं. मळेवाले चहाकडे वळले ते त्यानंतर. कॉफीची दुसरी जात रोबस्टा, ती या रोगाला दाद देत नाही, पण चवीला राकट. अरेबिका चवीची, पण नाजूक. दोघांचा संकर सहसा जमत नाही, कारण अरेबिकाची गुणसूत्रं ४४ आणि रोबस्टाची २२. ज्योतिष्यानं पत्रिका परत केली असती असं हे स्थळ. पण १९२७ साली तिमोरमधल्या अरेबिकाच्या एका मळ्यात एक झाड आढळलं, ज्यानं हे लग्न कुणालाही न विचारता उरकलं होतं. गुणसूत्रं ४४, म्हणजे अरेबिकाशी पुढे सोयरीक होऊ शकणारं, आणि तांबेऱ्याला पुरून उरणारं.

पुढे पोर्तुगालमधल्या ओइराशच्या संशोधन केंद्रात त्याच्या वंशजांचे संकर झाले. कातुर्रा जातीशी जुळवून कातिमोर, व्हिला सार्चीशी जुळवून आपली चंद्रगिरी जिच्यातून आली ती शाखा. जगभरच्या मळ्यांना त्या झाडानं आधार दिला. खुद्द तिमोरच्या नशिबी मात्र १९७५ साली इंडोनेशियाचं सैन्य आलं, कॉफीचा व्यापार लष्कराशी लागेबांधे असलेल्या कंपनीच्या हाती गेला, आणि स्वातंत्र्य उजाडायला २००२ साल यावं लागलं.

हे सगळं वाचून झाल्यावर नकाशावर तिमोरच्या ईशान्येला बोट सरकवलं, तर समुद्रात चार ठिपके. बांदा बेटं. जायफळाचं मूळ घर! कित्येक शतकं जगाचं जायफळ तेवढ्याच ठिपक्यांतून येत असे.

म्हणजे आई ज्यांना एका पातेल्यात घालते, ते दोघं एकाच बाजूचे. मी उत्साहानं पिशवी फोडली, दूध तापवलं, जायफळ स्वतः किसलं आणि कप तिच्या हातात देऊन तिमोरपासून सुरुवात केली. तिनं एक घोट घेतला.

“चिकोरी नाहीये का रे हिच्यात?”