पाण्यात शिरणारी लोटस

बाँडची गाडी म्हटलं की सगळे ॲस्टन मार्टिनचं नाव घेतात. माझं मन मात्र १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधल्या पांढऱ्या लोटस एस्प्रीवर जडलंय.

इटालियन कार-डिझायनर जुजारोनं कागदाच्या घडीसारखी सरळ, धारदार रेखाटलेली ही गाडी. सार्डिनियातल्या धक्क्यावरून ती समुद्रात झेपावते, चाकं आत जातात, पंख बाहेर येतात. पाण्याखालचे शॉट बहामाजच्या समुद्रात घेतले. त्यासाठी फ्लोरिडातल्या पेरी कंपनीनं एस्प्रीच्या सांगाड्यातून खरी पाणबुडी घडवली, बॅटरीवर चालणारी. तिच्या आत पाणीच भरलेलं असायचं. पाणबुड्याचा पोशाख चढवलेला माणूस आत बसून ती हाकायचा! पडद्यावर मात्र बाँड झालेला रॉजर मूर आणि नायिका बार्बरा बाख कोरडे ठणठणीत. मला या कारागिरीचं फार अप्रूप वाटतं. संगणकावर न रंगवता माणसांनी हातानं घडवलेली वस्तू आहे ती, आणि पाण्यातला तिचा संथ जडपणा पाहताना ते जाणवतं.

२०१३ साली इलॉन मस्क यांनी ती लिलावात घेतली, टेस्लाची मोटर बसवायचा विचारही बोलून दाखवला. माझं ठाम मत आहे, तिला हात लावू नये. संग्रहालयात, लोकांना जवळून बघता येईल अशी ठेवावी.