दोन माकोरिस, दोन सान्तियागो

डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी सान्तो दोमिंगो. तिथल्या पार्के एन्रिकियो या बागेभोवती सकाळपासून ग्वाग्वा लागलेल्या असतात. ग्वाग्वा म्हणजे खासगी बस, मिनीबस, जे असेल ते. दारातला पोरगा गावाचं नाव ओरडतो. प्रांताचं कधीच नाही. हा देश सार्वजनिक वाहनाने फिरायचा असेल तर आधी हे पक्कं करा, कारण नकाशावर ठळक छापलेल्या नावाची गाडी बरेचदा सापडतच नाही.

देशात 31 प्रांत, शिवाय राजधानीचा दिस्त्रितो नासिओनाल, म्हणजे राष्ट्रीय जिल्हा, वेगळा. कित्येक प्रांतांना स्वातंत्र्यवीरांची आणि पुढाऱ्यांची नावं आहेत, मुख्य गावाचं नाव मात्र निराळंच. दुआर्ते प्रांताचं ठाणं सान फ्रान्सिस्को दे माकोरिस, एस्पायातचं मोका, मारिया त्रिनिदाद सांचेसचं नाग्वा, ला आल्ताग्रासियाचं इग्वेय. वहीत प्रांतासमोर गाव लिहूनच निघा.

त्यातही 'माकोरिस' म्हणून थांबू नका. सान पेद्रो दे माकोरिस पूर्वेला समुद्रकाठी, उसाचं आणि बेसबॉलचं गाव. सान फ्रान्सिस्को उत्तरेला, कोकोच्या मुलखात. नुसतं 'पिंपळगाव' म्हणून तिकीट मागण्यातला प्रकार. सान्तियागोचंही तेच: मोठं शहर सान्तियागो दे लोस काबायेरोस, आणि वायव्येला सान्तियागो रोद्रिगेस हा स्वतंत्र प्रांत.

आम्हाला खरं जायचं होतं साल्सेदोला. या प्रांताचं नावही साल्सेदोच होतं. 2007 मध्ये ते एर्मानास मिराबाल, म्हणजे मिराबाल भगिनी, झालं. गावाचं नाव तसंच राहिलं. पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा यांची 25 नोव्हेंबर 1960 रोजी हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी हत्या केली. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस याच तारखेला पाळतात. साल्सेदोजवळच्या कोनुकोतलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे आणि आजूबाजूची बाग सुरेख राखलीय. घाई करू नका. आमच्या मते या पट्ट्यात एकच थांबा घ्यायचा तर हा. पुढे मोका जवळच आहे. हुकूमशहा उलिसेस एउरो याला 1899 साली तिथे गोळ्या घातल्या.

राजधानीत खोली घेताना पत्त्यात फक्त 'सान्तो दोमिंगो' पाहून पैसे भरू नका. 2001 मध्ये दिस्त्रितो नासिओनालचा मोठा भाग तोडून सान्तो दोमिंगो नावाचाच प्रांत केला. त्यात सान्तो दोमिंगो एस्ते (पूर्व), नोर्ते (उत्तर) आणि ओएस्ते (पश्चिम) अशा नगरपालिका आहेत. जुनी वसाहतकालीन वस्ती ओझामा नदीच्या पश्चिमेला, दिस्त्रितो नासिओनालमध्ये येते. एस्ते पलीकडच्या काठावर. लोस त्रेस ओहोसच्या गुहा पाहायला बरं, पण रोज संध्याकाळी जुन्या गावात हिंडायचं तर पुलावरच्या गर्दीत वेळ जातो. मेट्रो मात्र या हद्दी मानत नाही: पहिली लाइन नोर्तेमधल्या मामा तिंगोपर्यंत जाते, दुसरी ओझामा ओलांडून एस्तेत.

नगरपालिकेच्या खाली आणखी एक पायरी असते, दिस्त्रितो मुनिसिपाल, म्हणजे नगरपालिकेचा उपविभाग. समुद्रकिनाऱ्यासाठी प्रसिद्ध पुंता काना त्यातच मोडतं. कागदोपत्री ते वेरोन-पुंता काना, इग्वेय नगरपालिका. इग्वेयला बॅसिलिका पाहायला उतरलात तर समुद्र अजून बराच लांब आहे, हे लक्षात असू द्या.

पत्त्यात 'काये दुआर्ते' असेल तर सोबत गाव आणि वस्तीचं नाव हवंच. तो रस्ता जिथे जाल तिथे भेटतो. ग्वाग्वात भाडं रोख, पेसोंत, म्हणून सुटे ठेवा. आणि गावात उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते ड्रायव्हरलाच विचारा.