आईचे गुडघे आणि आठ लाखांचं बजेट

आज दिवसभर नव्या गाडीसाठी शोरूम पालथे घातले. बजेट ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, आठ लाख, माणसं पाच आणि आईचे गुडघे. बायकोचा जीव स्विफ्टवर. आईला आत बसवलं तर म्हणाली, "बसले खरी, आता उठवा." स्विफ्टचा विषय तिथेच संपला. टाटा पंच हवी तशी उंच, पण आम्हाला आवडलेलं व्हेरियंट बजेटबाहेर. वॅगनआरला मात्र आई आधी सरळ सीटवर टेकली, मग पाय आत घेतले. छत इतकं उंच की अंबाडाही लागला नाही!

मग सीएनजीचा वाद. रोजच्या धावपळीला परवडतो, पण वॅगनआरची ३४१ लिटरची डिकी सिलिंडरच खातो. गणपतीला गावी जाताना बॅगा काय मांडीवर घ्यायच्या? टाटाने एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवलेत, ही डोक्यालिटी मानलीच पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला म्हणून आपण निदान विचार तरी करतोय. पण कोटेशनला शेपटी लागतेच. 'हँडलिंग चार्जेस' कसले, विचारलं तर सेल्समन नुसता हसला. विमा बाहेरून काढतो म्हटल्यावर डिस्काउंटच आटला. सनरूफचं कौतुक मात्र थांबेना. पुण्याच्या धुळीत ते उघडून बघायचं काय?

सध्या वॅगनआर पेट्रोल आघाडीवर. कुणाकडे तिची एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) असेल तर पाच माणसं भरून घाटात कशी ओढते, ते खरं खरं सांगा.