भतीजी की भांजी? आत्याच्या मॉर्फीनसाठी मारलेल्या चकरा (माझा अनुभव)

राग अजून पूर्ण गेलेला नाही म्हणून लिहायला बसलेय, तेव्हा कुठे तिखट लागलं तर सांभाळून घ्या. माझी आत्या गेल्या वर्षी कॅन्सरने गेली. वय ७८, लग्न केलं नव्हतं, सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली, आणि शेवटचे पाच महिने इंदूरला सुदामा नगरात आमच्याकडेच होती. ते पाच महिने तिला त्यातल्या त्यात बरे गेले ते एका सिस्टरमुळे, आणि माझं डोकं फिरलं ते एका खिडकीमुळे.

आधीचं थोडक्यात. ब्रेस्टचा कॅन्सर, हाडांत पसरलेला, केमो आता झेपणार नाही म्हणाले आणि पॅलिएटिव्ह ओपीडीला (आजार बरा होणार नसला तरी दुखणं, त्रास कमी ठेवणारा विभाग) पाठवलं. नाव नोंदवलं, फाइल झाली, त्यात काही अडलं नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे 'आता घरी न्या' असं सभ्य भाषेत सांगतायत असं मला वाटलेलं. पण तिसऱ्याच दिवशी दारात अ‍ॅक्टिवा उभी राहिली, डिक्कीतून एक मोठी बॅग निघाली आणि सिस्टर आत आली. देवासची मुलगी, केरळात ट्रेनिंग घेऊन आलेली (या कामात केरळ खूप पुढे आहे, १९९३ पासून कालिकतला हे चालू आहे, हे तिच्याकडूनच कळलं). दर सोमवारी यायची, मधे फोन.

आत्याच्या छातीवरची जखम फुटली होती आणि तिला वास होता. लिहायला बरं वाटत नाही, पण ज्यांच्या घरी हे आहे त्यांना कळेल. आत्या खोलीची खिडकी उघडू द्यायची नाही, दिवसभर उदबत्ती, आणि कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. सिस्टरने नाकाला रुमाल लावला नाही, तोंड वाकडं केलं नाही. जखम सलाइनने धुतली, डॉक्टरांनी वासासाठी लिहून दिलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवून माझ्याच लाटण्याने बारीक केल्या आणि वर भुरभुरल्या, पोळपाटावर पीठ टाकतो तशा. रोज ड्रेसिंग बदलताना हेच करायचं, मला हात धरून शिकवलं. चार-पाच दिवसांत आत्या म्हणाली, ती उदबत्ती बंद कर गं, डोकं उठतं. त्या दिवशी मला सिस्टरला मिठी मारावीशी वाटली.

मग दुखण्याचा विषय. शून्य ते दहामध्ये किती दुखतं विचारलं तर आत्या म्हणाली साडेसात. मास्तरीण ना. साध्या गोळ्यांनी भागत नव्हतं, डॉक्टरांनी मॉर्फीन सुरू केलं, आधी अर्धी गोळी, मग दहा मिलिग्रॅमची पूर्ण. सिस्टरने घड्याळ समजावलं: सकाळी सहा, दहा, दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन गोळ्या एकदम म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी, घड्याळाने. आमचे एक नातेवाईक फोनवर म्हणाले, अहो ती नशेची गोळी, सवय लागेल. सिस्टर म्हणाली, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या हिशोबाने घेतलेली गोळी आणि नशेसाठी घेतलेली गोळी यात फरक आहे, दुखणं कमी झालं तर डॉक्टरच डोस उतरवतील. आत्याने वहीचं पान फाडून स्वतः तक्ता आखला, समास सोडून, आणि फ्रिजवर लावायला लावला.

आता ती खिडकी.

ही गोळी साध्या मेडिकलवर मिळत नाही, मी आमच्या भागात चार दुकानांत विचारलं, एकाने तर माझ्याकडे असं बघितलं की जसं मी अफूच मागितली. ज्या हॉस्पिटलकडे परवानगी आहे तिथूनच घ्यायची. आमच्या हॉस्पिटलात ती बुधवार आणि शनिवार, अकरा ते एक. पहिल्या दोन वेळा आत्याला व्हीलचेअरवर घेऊन गेलो तेव्हा मिळाली. तिसऱ्या वेळी तिला उठवणं शक्य नव्हतं म्हणून शनिवारी ऑफिसमधून हाफ डे घेऊन मी एकटी गेले. फाइल, चिठ्ठी, तिचं आधार, माझं आधार, रिकाम्या स्ट्रिप (त्या टाकू नका बरं का, मोजून घेतात), आणि आत्याच्या सहीचं पत्र की माझ्या वतीने ही गोळ्या नेईल. सगळं होतं. पाऊण तास लाइन.

खिडकीतल्या भाऊसाहेबांनी फाइल उघडली, पत्र उघडलं, परत फाइल. "मैडम, आप पेशंट की भतीजी हैं कि भांजी?"

झालं असं की गोळ्यांच्या नोंदणीचा फॉर्म सिस्टरने भरला होता, तिने बरोबर हिंदीत 'भतीजी' लिहिलं. पत्र मी लिहिलं. आता आपल्यात आत्याला भावाची मुलगी म्हणजे भाचीच ना, पुतणी काकाची. माझा जन्म इंदूरचा, हिंदी मराठीइतकंच बोलते, पण हात वळतो तसाच वळतो, मी 'भांजी' लिहून बसले. आणि हिंदीत भांजी म्हणजे बहिणीची मुलगी. त्यात लग्नानंतर माझं आडनाव वेगळं. म्हणजे कागदावर मी एकटीच दोन वेगळ्या बायका.

मी काचेच्या त्या भोकातून त्यांना मराठी नातेसंबंध समजावत होते, मागे लाइन वाढत होती. मागचे एक रामबागेतले मराठी काका पुढे आले, "अरे भिया, हमारे में भाई की बेटी को भी भाची ही बोलते हैं." भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "तो फिर मराठी में लिखतीं ना." लाइन हसली. मी पण हसले असते, दुसरा कोणता दिवस असता तर.

तेवढ्यावर थांबलं नाही. चिठ्ठीवर १०० गोळ्या आकड्यात होतं, अक्षरात नव्हतं. रोजच्या सहा म्हणजे चौदा दिवसांच्या ८४ आणि मधेच दुखलं तर जास्तीच्या १६, हिशोब चोख. पण "एक ज़ीरो कोई भी बढ़ा देगा." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे आणि असं व्हाउचर माझ्यासमोर आलं असतं तर मीही परत केलं असतं. हेच जास्त झोंबलं. डॉक्टरांकडून दुरुस्त करून आणा म्हणाले. सही चालणारे डॉक्टर एकच, ते त्या दिवशी बाराला निघून गेलेले. मग बुधवारी या. बुधवारी रंगपंचमी! राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते त्या दिवशी इंदूरला सुट्टी असते हे मी काय सांगू. म्हणजे थेट पुढचा शनिवार.

घरी आले आणि गोळ्या मोजल्या. २८. रोजच्या सहाने फार तर गुरुवार सकाळपर्यंत. पुढे शनिवारपर्यंत काय?

गाडीत बसून मी फार वाईट शब्द वापरले त्या खिडकीला. म्हणजे बघा, मॉर्फीन बनतं अफूपासून, आणि अफूचं पीक कुठे, तर आपल्या मंदसौर-नीमचला. सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना नीमचला. अफूच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय ग्वाल्हेरला. सगळं मध्य प्रदेशात, आणि माझी आत्या सुदामा नगरात बसून गोळ्या मोजतेय. एकेकाळी याच माळव्याची अफू जहाजं भरभरून चीनला जायची. नशेच्या औषधांचा कायदा १९८५ चा, आधी तर एका गोळीसाठी हॉस्पिटलला चार-पाच प्रकारचे परवाने लागायचे आणि राज्याराज्यांत वेगळे, म्हणून बरीच हॉस्पिटलं नादीच लागायची नाहीत. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, मॉर्फीन धरून सहा औषधं वेगळी काढली आणि एका परवान्यावर काम होऊ लागलं. म्हणजे आम्हाला मिळत होती ती सुधारणेनंतरची सोय. आधीच्या लोकांनी काय केलं असेल देव जाणे.

माझी मावसबहीण कॅनडात असते, तिला रात्री फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग तुमची नर्सच का नाही लिहून देत, आमच्याकडे तर नर्स प्रॅक्टिशनर घरी येऊन तपासते आणि चिठ्ठीही तीच लिहिते. खरंय, तिथे नर्सिंगच्या पुढे मास्टर्स करून ही पदवी मिळते आणि २०१२ च्या नियमांनंतर एकेका प्रांतात मॉर्फीनसारखी औषधंही त्यांना लिहिता येऊ लागली, इंग्लंडमध्येही जादा ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना लिहिता येतात. आपल्याकडे सिस्टर डोळे बघून सांगते की डोस वाढवायला हवा, फोनवर डॉक्टर हो म्हणतात, आणि तरी कागद डॉक्टरच्या पेनाची वाट बघतो. सिस्टरचं स्वतःचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, ताई, मला लिहायचा अधिकार द्या पण मग माझ्या पेशंटची संख्या अर्धी करा, लिहिणं म्हणजे नुसती सही नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी सिस्टरला फोन केला होता. ओळखीतल्या एकांकडे त्यांच्या वडिलांच्या दोन स्ट्रिप उरल्या होत्या, ते द्यायला तयार होते. सिस्टरचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "नाही. त्या मोजून परत जमा करायच्या असतात. दुसऱ्याच्या नावाची गोळी तुमच्या घरात नको." आणि गोळ्या पुरवून पुरवून देऊ नका, डोस चुकवू नका, एकदम बंद तर अजिबात नाही, दुखणंही उसळेल आणि अंगही बिघडेल. सोमवारी दहाला हॉस्पिटलच्या गेटवर या.

मी चुकवला नाही. आत्याने चुकवला. माझी मोजदाद तिने ऐकली होती, गणित तिनेही केलं. रविवारी दुपारी दोनची गोळी मी हातावर ठेवली, तिने पाणी प्यायलं, आणि संध्याकाळी पाच वाजता ती उशी चावत होती. चादर बदलताना चष्म्याच्या घरात गोळी सापडली. मी ओरडले तिच्यावर, ७८ वर्षांच्या बाईवर. ती म्हणे, रोज एक वाचवली तर पाच होतात. सिस्टरला फोन लावला, तीच गोळी तेव्हा दिली, सहाचा नंबर थोडा पुढे ढकलला. आठपर्यंत शांत झाली. मी नाही झाले.

सोमवारी सिस्टर वेळेवर. तिने आधी पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाली, नातं लिहायचंच कशाला ताई, 'पेशंट की केयरगिवर' लिहायचं आणि आधार नंबर. नवीन पत्र आत्याकडून सही करून मी आणलंच होतं (हे तिनेच सांगून ठेवलेलं). डॉक्टर राउंडवर, आम्ही वॉर्डाबाहेर सव्वा तास उभ्या. ती उभ्याउभ्या तीन पेशंटचे फोन घेत होती, एकाला एनिमा कसा द्यायचा ते सांगत होती, शेजारून माणसं जातायत. डॉक्टरांनी अक्षरात 'एक सौ' लिहिलं, सही, शिक्का, वीस सेकंद. वीस सेकंदांसाठी दोन दिवस!

खिडकी सोमवारी बंद. सिस्टर मागच्या दाराने फार्मसीत गेली, इन्चार्जशी बोलली, काय बोलली माहीत नाही, पण कपाट उघडायला ते तयार झाले. कपाटाला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे, आणि दुसरा माणूस चहाला. आम्ही तो कँटीनमधून शोधून आणला, समोसा हातात असलेला. दहा स्ट्रिप, रजिस्टर, माझी सही, त्यांची सही. समोशाचा डाग आहे त्या पानावर, मी बघितलाय.

दुसऱ्या जिल्ह्यातून कोणी येत असेल तर आधी फोन करून स्टॉक विचारा. आणि शेवटची स्ट्रिप उरेपर्यंत थांबू नका, आठवड्याचा साठा हातात असतानाच पुढची चिठ्ठी लिहून घ्या, सणाचं कॅलेंडर बघून. पेशंटचा पत्ता फाइलवर आणि आधारवर सारखा आहे का तेही आधीच बघा, लाइनीत दोन जणांचं त्यावरून अडलं होतं.

आत्या जूनमध्ये गेली, घरी, झोपेत. शेवटच्या तीन दिवसांत गिळता येत नव्हतं तेव्हा सिस्टरने त्वचेखाली बारीक सुई लावून औषध दिलं, डॉक्टर फोनवर होते. तेराव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या परत करायला गेले. ४३ होत्या. भाऊसाहेबांनी दोनदा मोजल्या, पावती फाडली, आणि नात्याच्या रकान्यावर पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. त्यांनी 'भतीजी' लिहिलं आणि हळूच म्हणाले, "आपके में भाची." पावती जपून ठेवा, ती मागतात.

अरे हो, सर्वात महत्त्वाचं तर राहिलंच. मॉर्फीनबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायची गोळी हवीच. मळमळ आणि झोप काही दिवसांत कमी होते पण बद्धकोष्ठ आपोआप जात नाही. आम्ही पहिले चार दिवस ती दिली नाही, 'बघू गरज पडली तर' म्हणून. पाचव्या दिवशी काय झालं ते लिहीत नाही, आत्याला आवडलं नसतं.