खंजेरी भजनांच्या कॅसेटी: किती बिट, किती किलोहर्ट्झ

गावोगावच्या भजन मंडळांकडून जमवलेल्या कॅसेटी डिजिटल करण्याचं काम आता फाइली तपासण्यापर्यंत आलंय. 24 बिट 96 किलोहर्ट्झ की सीडीइतकं 16 बिट 44.1, हा आमच्या गटातला जुना वाद होता (किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले, बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला). तो बहुतेक मिटला. आकडे वाढवून आवाजात काहीच भर पडली नाही. भर पडली ती हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळवल्यावर.

तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात घराघरात पोहोचलेली खंजेरी हे चाचणीसाठी फार सोयीचं वाद्य आहे. कातड्यावरची थाप आणि कडेच्या झांजा एकाच क्षणी सुटतात. एमपीथ्री आवाजाचे बारीक तुकडे पाडून हिशेब करतं. थाप तुकड्याच्या मधोमध पडली की हिशेबातली चूक थापेच्या आधीही पसरते. 128 केबीपीएसला (सेकंदाला इतके हजार बिट, आकडा लहान तितकी फाइल जास्त दाबलेली) थापेची धार जाते आणि झांजा पाण्याखाली वाजवल्यासारख्या येतात. 320 ला हा फरक बहुतेकांना सापडत नाही. हार्मोनियमवर परीक्षा घेऊ नका, ती सगळं झाकून घेते.

आता हेड. जवळपास प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली, म्हणून प्रत्येकीचा कोन वेगळा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारी फिरती दांडी) पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल कमी, कापूस जवळपास कोरडाच ठेवा. मग कॅसेट लावून डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनोत ऐका. हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू, बारीक चार पाती पेचकसाने, एका वेळी अगदी थोडा फिरवा. झांजा अचानक पुढे येतात ती जागा. तिथून थोडं पुढे जाऊन परत या, म्हणजे खात्री पटते. पेचकस चुंबक लावलेला नको, हेडला चुंबकत्व चढतं आणि खरखर वाढते. स्टिरिओत ऐकत जुळवायला बसलात तर अर्धा दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

आवाज अगदीच दबलेला असेल तर कोनाला हात लावण्याआधी कॅसेटच्या तोंडाशी असलेली नमद्याची गादी पाहा. जुना गोंद सुटून ती पडलेली असते, मग फीत हेडला नीट टेकत नाही. पाच स्क्रूचं कवच असेल तर दुसऱ्या कॅसेटमधली गादी बसवता येते. चिकटवलेलं कवच असेल तर फीतच नव्या कवचात घालावी लागते.

विजेचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना 50 आणि 100 हर्ट्झची घुंई येत असेल तर चार्जर काढा, बॅटरीवर भरा. गावात अर्थिंग अनेकदा नावालाच असतं, त्यामुळे डेक (कॅसेट वाजवणारं यंत्र) आणि चार्जर दोन वेगवेगळ्या बोर्डांवर लावले की घुंई हमखास वाढते. इन्व्हर्टरचा भणभणाट वेगळा, तो फिल्टरने नीट निघत नाही. डेकला थेट वीज असेल तेव्हाच भरा. कूलर मात्र चालू राहू द्या. वायरवाटे भरतोय, माइकवाटे नाही.

डेकचा लाइन-आउट यूएसबी इंटरफेसच्या (आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणाऱ्या डबीच्या) लाइन-इनमध्ये द्या. लॅपटॉपचं माइकचं भोक नको, ते बहुधा मोनो असतं आणि लाइनचा सिग्नल तिथे फाटतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट, सगळ्यात मोठी थाप उणे 12 डेसिबलच्या आसपास. 24 बिट इथे कामाचे: लेव्हल खाली ठेवली तरी तळाशी जागा उरते. भरून झाल्यावर लेव्हल वर आणून 16 बिट फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता दाबलेली फाइल) करा.

कारण साधं आहे. डॉल्बी (सरसर कमी करणारी सोय) नसलेल्या कॅसेटची पोच, म्हणजे सरसरीपासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर, साधारण 50 ते 55 डेसिबल, 16 बिटांची 96. उरलेल्या बिटांत फक्त फितीची सरसर साठते, आणि सरसर फ्लॅकला दाबता येत नाही. 60 मिनिटांची कॅसेट न दाबता 16/44.1 ला सुमारे 635 एमबी, 24/96 ला 2 जीबीच्या वर.

कॅसेट सोडून चांगल्या स्टुडिओ रेकॉर्डिंगचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: 2007 मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त आकड्यांच्या) आवाजाच्या वाटेत 16/44.1 चा टप्पा गुपचूप घातला. ऐकणाऱ्यांनी फरक ओळखायचा होता; 554 चाचण्यांत बरोबर उत्तरं 276, म्हणजे छापाकाटाच. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी 18 अभ्यास एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचा आकडा 52.3 टक्के निघाला, सराव असलेल्यांचा त्याहून बरा. फरक शून्य नाही, पण दुप्पट-तिप्पट डेटा घालवावा इतकाही नाही. स्वतः तपासायचं तर फूबार2000 या प्लेअरमध्ये एबीएक्स (कुठली फाइल वाजतेय हे न सांगता घेतलेली ओळखीची परीक्षा) लावा, दोन्ही फाइलींची लेव्हल आधी समान करा. 16 पैकी 12 बरोबर आले तरच बोला. ब्लूटूथवर ही परीक्षा घेऊ नये, ब्लूटूथचे बहुतेक कोडेक (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धती) वाटेतच डेटा कापतात.

बाहेरून मिळालेल्या फाइली स्पेकमध्ये (आवाजातल्या उंच-खालच्या सुरांचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. 16 किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखं सपाट कापलेलं दिसलं तर तो बहुधा 128 चा एमपीथ्री, फ्लॅकच्या वेषात. 96 ची फाइल 22 किलोहर्ट्झच्या वर रिकामी असेल तर ती बहुतेक फुगवलेली. कॅसेटवरचं रेकॉर्डिंग मात्र हळूहळू उतरतं, त्याला नकली म्हणू नका. 15.6 किलोहर्ट्झच्या जवळ एक बारीक आडवी रेघ दिसली तर खोलीत जुना टीव्ही चालू असावा. जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ओळी सेकंदाला 15,625 वेळा आखल्या जातात, तोच हा सूर. नवं विकत घ्यायचं तर बँडकॅम्पवर फ्लॅक मिळतं. सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने काढा आणि ॲक्युरेटरिपशी (इतरांनी काढलेल्या त्याच सीडीच्या नोंदींशी) जुळवा.

नॉइज रिडक्शन (सरसर कमी करणं) 6 डेसिबलपर्यंतच. 20 वर नेलं की पहिल्यांदा झांजाच मरतात. मूळ फाइल तशीच वेगळी ठेवा.

बाकी आहेत त्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडून आलेल्या दंडारीच्या (तिथल्या लोकनाट्याच्या) कॅसेटी. फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे. त्या चांगल्या डेकला लावायच्या नाहीत, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. त्यासाठी एक टाकाऊ डेक वेगळा काढलाय, रोलर बदलला की सुरुवात.